शेतावरील बांधकामाची राखण

गांवठाणांतील घराचें बांधकाम चार शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होतें. मळ्यांतील गोदामाचें किंवा विहिरीचें तसें नसतें. सायंकाळीं गवंडी व मजूर गेले म्हणजे तेथें सळया, सिमेंट आणि काळोख एवढेंच मागें राहतें. अशा ठिकाणीं माल कसा जपावा याचा विचार आपण बहुधा पहिली चोरी झाल्यावर करतों. आम्हींही तसेंच केलें, आणि त्यांत आमच्या हातून एका गरिबावर अन्याय घडला.

गोदामाचें जोतें भरून झालें तेव्हां वाळू हिशेबापेक्षां सुमारें एक ब्रास कमी असल्याचें आढळलें. रात्रीं तेथें एकच मनुष्य निजत असे. त्याच्यावर संशय घेऊन त्यास काढून टाकलें. पुढें चौथी गाडी आली तेव्हां सहज टेप लावला. हौद्याची लांबी ११ फूट, रुंदी ६ फूट व वाळूची सरासरी उंची अडीच फूट. म्हणजे १६५ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, या मानानें ती १.६५ ब्रास झाली, आणि पावती मात्र दोन ब्रासची! पहिल्या तीन गाड्याही त्याच मापाच्या होत्या. तिहींची तूट जुळविली तों चोराचा पत्ता लागला. तो रात्रीं शेतांत उतरलाच नव्हता. राखणदारास बोलावणें पाठविलें. तो आला, त्यानें राहिलेली मजुरी मोजून घेतली, आणि पुन्हां राखणीस येण्याचें नाकारून तो निघून गेला.

तेव्हां राखणीस आरंभ माल उतरवून घेतांनाच झाला पाहिजे. ओलसर वाळू कोरडीपेक्षां पुष्कळ फुगते. बारीक वाळूच्या बाबतींत ही वाढ चतुर्थांशाहूनही अधिक असूं शकते. म्हणून ओल्या वाळूची भरगच्च गाडी पाहून हुरळून जाऊं नये. सळईचें वजन तर घरबसल्या पडताळतां येतें. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्यास १६२ नें भागावें. येणारा आंकडा म्हणजे एक मीटर सळईचें किलोग्रॅममधील वजन. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांब सळई अशा रीतीनें सुमारें १०.६६ किलो भरते. या जाडीच्या सळईंत शेकडा ५ पर्यंत कमीअधिक फरक भारतीय मानकास मान्य आहे. त्याहून अधिक तूट दिसल्यास माल उतरवूं नये.

उतरलेल्या मालास निराळी युक्ति लागते. वाळूच्या ढिगावर सायंकाळीं चुन्याच्या फक्कीच्या उभ्या-आडव्या रेघा ओढाव्या. रात्रीं कोणी दोन घमेलीं जरी उचललीं तरी तुटलेली रेघ सकाळीं दिसते. सळयांच्या टोकांस एकाच रंगाचा पट्टा द्यावा व जुडी साखळीनें झाडाच्या बुंध्यास जखडावी. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा भाड्याच्या असतात. हरवल्यास भरपाई आपल्या माथीं येते, म्हणून त्या रोज मोजाव्या. पाणबुडी पंप आणि तांब्याची केबल हीं सर्वांत शेवटीं आणावीं. कित्येक जण सवलतीच्या भावाच्या मोहानें तीं आधींच घेऊन ठेवतात, आणि वांचविलेल्या पैशांसकट गमावतात.

सिमेंटास चोरापेक्षां ओलीचें भय अधिक. पोतीं जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून एक फूट दूर रचावीं. दहांहून अधिक थर लावूं नयेत. आधीं आलेलें पोतें आधीं वापरावें. तीन महिन्यांवर पडून राहिलेलें सिमेंट परीक्षा केल्यावांचून घेऊं नये.

पूर्वीं अनेक गांवांची राखण रामोशी, भिल्ल आदि मंडळींकडे असे. चोरीचा माग शिवेपर्यंत काढून देणें, नाहीं तर नुकसान भरून देणें, ही त्यांची जबाबदारी होती. पुढें ब्रिटिश सरकारनें १८७१ सालीं कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु मळ्यांतून कांहीं नाहींसें झालें कीं पारध्यांच्या पालांकडे बोट दाखविण्याची आमची खोड अद्याप गेलेली नाहीं. आमच्या राखणदारावर आम्हीं जो संशय घेतला, त्याचें मूळही यापेक्षां फारसें निराळें नव्हतें.

चोरी झालीच तर पोलीस येईपर्यंत जागा तुडवूं नये. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालीं येतो. फिर्याद नोंदविल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा आपणांस हक्क आहे, ती मागून घ्यावी. मात्र पावत्या व रोजच्या मोजणीची वही नसेल तर गेलेला माल आपलाच हें दाखविणें कठीण जातें. चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणें हाही कलम ३१७ खालीं गुन्हा आहे; तेव्हां कोणी पावतीवांचून अर्ध्या किमतीस सळई देऊं करील, तर तिच्या टोकास कोणाचा रंग आहे तें आधीं पहावें.