मूठ आणि बोटे

घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर, चेंबूरच्या दाट वस्तीत, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ पासून आहे. ज्या इलाख्याचे नाव त्याने धारण केले तो सरकारी दप्तरातून केव्हाच खारीज झाला, मैदान मात्र कायम आहे. तेथे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडी मुलांनी आसपासच्या गल्लीबोळांत, लोखंडी सळ्या वाकवून आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन, आपला निराळा गोल्फ मांडल्याची हकिकत वृत्तपत्रांतून गाजली आहे. माझ्या समजुतीने या मुलांना जे नुसते पाहून साधले, ते अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या क्रिकेटवेड्या माणसाला सांगूनही लवकर पटत नाही. कारण बॅट आवळून धरण्याची त्याच्या मुठीला लहानपणापासून सवय असते आणि गोल्फचा क्लब मुठीत नव्हे, बोटांत धरावयाचा असतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने प्रथम डावा हात लावावा. क्लबचा दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरपा टेकवावा, तळहाताच्या टाचेची मांसल गादी वरून दाबावी आणि अंगठा दांड्याच्या माथ्यावरून किंचित उजवीकडे सोडावा. मग खाली पाहिले असता बोटांच्या मुळांची दोन किंवा अडीच हाडे दिसावीत. याहून अधिक दिसली तर चेंडू डावीकडे वळण्याचा संभव वाढतो, आणि एकच दिसले तर तो उजवीकडे, बहुधा झाडीत, जातो. दांडा तळव्यात रुतला की मनगटाची बिजागरी आखडते आणि वेग मरतो. त्यानंतर उजव्या हाताची मधली दोन बोटे दांड्याखाली घ्यावीत, तळव्याच्या पोकळीत डावा अंगठा झाकावा आणि उजवी करंगळी डाव्या तर्जनी-मध्यमांच्या खाचेवर ठेवावी. ही शेवटची युक्ती रूढ केली ती १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी वार्डन याने. जॅक निकलस याने मात्र करंगळी व तर्जनी एकमेकींत अडकवणेच पसंत केले, आणि त्याच्या यशाकडे पाहता वार्डनचा शिरस्ता अनुल्लंघनीय मानण्याचे कारण नाही.

हात आवळावा किती, याचे मोजमाप कोणी देऊ शकत नाही. जेमतेम ४६ ग्रॅमच्या चेंडूसाठी दंड फुगवण्याची गरज नसते. परंतु आपल्या दमट हवेत हात घामेजला की भीतीने मूठ आपोआप घट्ट होते. यासाठीच डाव्या हातात मोजा घालतात, दांड्याचे रबर वरचेवर धुतात आणि पावसाळ्यात कोरडा टॉवेल जवळ बाळगतात. तो मोजा महिन्याभराने उलटून पाहावा: तळहाताच्या टाचेशी भोक पडले असेल, तर दांडा अजून बोटांत न बसता तळव्यातच घसरतो आहे.