हेअर पॅच : घेणाऱ्याने काय पाहावे, बसवणाऱ्याने काय सांगावे?

चिंचवड स्टेशनहून चाफेकर चौकाकडे किंवा पुढे आकुर्डी-निगडीच्या रस्त्याने जाताना सलूनच्या पाट्यांकडे नजर टाकली, तर 'कटिंग-दाढी'च्या खाली आता आणखी एक ओळ दिसते : 'हेअर पॅच बसवून मिळेल'. कारखान्यांच्या या पट्ट्यात सलूनच्या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. उत्तर प्रदेशातून आलेले सलमानी बिरादरीचे कारागीर आहेत, इथलेच जुने दुकानदारही आहेत. त्यांच्यासाठी हे काम रोजीचे नवे साधन आहे. गिऱ्हाइकासाठी मात्र तो अब्रूचा आणि हजारो रुपयांचा प्रश्न आहे. म्हणून या मालाची नीट ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

आमच्या पाहण्यातला एक प्रकार आधी सांगतो. तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करणारा एक तरुण. निकाहची तारीख ठरलेली, पण कपाळावरचे केस बरेच मागे सरकलेले. त्याने एका दुकानात जाऊन "सगळ्यात खरा दिसेल असा पॅच द्या" म्हणून सांगितले. दुकानदाराने सर्वांत पातळ माल दिला. दिसायला तो खरोखरच उत्तम होता. पण तो किती दिवस टिकेल हे गिऱ्हाइकाने विचारले नाही आणि दुकानदाराने सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात हेल्मेट काढताना पुढची कड फाटली. निकाह आठ दिवसांवर होता. त्याने मुलीकडच्यांना टकलाची गोष्ट आधीच मोकळेपणी सांगितली होती, म्हणून अब्रू राहिली. पैसे मात्र गेले. चूक कोणाची? आमच्या मते थोडी दोघांची, पण जास्त त्याची, ज्याला मालाची माहिती होती.

हा माल नेमका काय आहे?

खोटे केस आपल्याकडे नवे नाहीत. बायकांचे गंगावन जुने आहे. नाटकाचा टोप तर चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात आजही पाहायला मिळतो. पण रंगमंचावरचा टोप लांबून पाहायचा असतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचे केस गिऱ्हाईक हातभर अंतरावरून पाहते. त्या अंतरावर खरे वाटावे म्हणून जी वस्तू निघाली, ती 'थिन स्किन', म्हणजे पातळ पारदर्शक पडद्यावर बसवलेले केस.

बाजारात याला सर्रास 'सिलिकॉन पॅच' म्हणतात. प्रत्यक्षात पडदा बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. पडदा पारदर्शक असल्याने खालच्या कातडीचा रंग वर दिसतो आणि केस टाळूतूनच उगवल्यासारखे वाटतात. याच्या जोडीला 'मोनो' म्हणजे बारीक जाळीचा, 'फ्रंट लेस' म्हणजे पुढे लेस असलेला, आणि दोन-तीन प्रकार मिळून केलेला मिश्र पॅच असतो.

केस बहुधा माणसाचेच असतात आणि त्यांतले पुष्कळ आपल्याच देशातले. तिरुमला देवस्थानात भाविक केस अर्पण करतात, त्यांचा लिलाव होतो आणि २०११ पासून तो इंटरनेटवरून होऊ लागला. कर्नाटकात कोप्पळजवळचे भाग्यनगर आणि पश्चिम बंगालात मुर्शिदाबाद जिल्ह्यातले बेलडांगा ही केस निवडून साफ करणाऱ्या कारागिरांची गावे म्हणून ओळखली जातात. पॅच तयार करण्याचे मोठे काम मात्र चीनमध्ये, छिंगताव आणि शूछांग या शहरांच्या परिसरात चालते. कच्चा माल भारताचा, पक्का माल परदेशाचा, ही जुनीच कहाणी. कच्चे केस बाहेर जाऊन इथल्या कारागिरांचे काम बुडते, अशी तक्रार होती. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

जाडी हाच खरा भाव

पडद्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

०.०३ मिलिमीटरचा पडदा सर्वांत पातळ. कड बोटाला लागत नाही, कपाळावरची रेषा उत्तम दिसते. पण आयुष्य साधारण महिनाभर, घामात आणि हेल्मेटखाली त्याहूनही कमी. नवशिक्याने काढताना ओढला की फाटलाच.

०.०६ ते ०.०८ मिलिमीटर हा मधला मार्ग. दिसायला चांगला, हाताळायला सोपा. काळजी घेतली तर दोन-तीन महिने जातो. पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही हाच सुचवू.

०.१० ते ०.१२ मिलिमीटरचा पडदा दणकट. तीन ते सहा महिने चालतो. पण कड थोडी दिसते, म्हणून केस मागे न वळवता कपाळावर थोडे पुढे ठेवावे लागतात.

दुसरा प्रश्न, केस पडद्यात कसे बसवले आहेत? गाठ मारून बसवलेले केस जास्त टिकतात, पण जवळून पाहिले तर गाठीचा काळा ठिपका दिसू शकतो. गाठ न मारता, पडद्यातून वळसा देऊन बसवलेले केस फार खरे दिसतात, पण हळूहळू निसटतात. पडदा शाबूत आणि केस विरळ, अशी तक्रार येते ती या प्रकारात. तिसरा प्रश्न दाटपणाचा. चाळिशीच्या माणसाला अठराव्या वर्षाचे दाट केस बसवले की गल्लीतला पोरगाही ओळखतो. कानशिलावरच्या केसांशी जुळेल असाच दाटपणा आणि रंग घ्यावा. कानाजवळ पांढरे केस असतील, तर पॅचमध्येही तेवढे पांढरे हवेत.

माप आणि बसवणे

माप घेताना डोक्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवतात, वरून चिकटपट्टी लावून त्याला डोक्याचा आकार देतात आणि टकलाची रेषा पेनाने आखतात. पुढची रेषा फार खाली घेण्याचा मोह गिऱ्हाइकाला होतो. कारागिराने तो आवरावा. भुवया वर उचलल्यावर कपाळावर जिथे सर्वांत वरची आठी पडते, तिच्याही वर रेषा असावी.

गोंद लावण्यापूर्वी तो कानामागे थोडासा लावून एक-दोन दिवस पाहावे. खाज, लाली, पुरळ आले तर तो गोंद त्या माणसाला चालणार नाही. टाळूवर जखम, गजकर्ण, सोरायसिस किंवा चाई पडत असेल, तर आधी कातडीच्या डॉक्टरकडे पाठवावे. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, त्याची कातडी जाऊ नये.

बसवण्याची रीत अशी : जागा वस्तऱ्याने किंवा मशीनने साफ करावी. स्पिरिटने तेल आणि घाम पुसून पूर्ण कोरडी करावी. पाण्यावर आधारलेला गोंद पातळ थरांत लावावा. लावताना पांढरा दिसतो, सुकला की पारदर्शक होतो. तो पारदर्शक झाल्याशिवाय पॅच ठेवू नये. घाईने बसवलेला पॅच घाईनेच निघतो. मग पुढची रेषा जुळवून मागे मागे दाबत जावे. त्यानंतर एक दिवस डोके भिजवू नये. गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टीही वापरतात. ती काढायला सोपी पडते. काढताना कडेला सॉल्व्हंट फवारून काही मिनिटे थांबावे आणि पडदा हलकेच मागे गुंडाळत न्यावा. ओढू नये. स्पिरिट आणि सॉल्व्हंट पेट घेणारे असतात, तेव्हा दुकानात खिडकी उघडी आणि विडी-सिगारेट बंद.

कारखान्यातल्या माणसासाठी

चिंचवड-भोसरीपासून चाकणपर्यंतचा गिऱ्हाईक ऑफिसातल्या पंख्याखाली बसणारा थोडाच आहे! भट्टीजवळचे काम, अंगावर उडणारे कूलंट, पेंट शॉपमधले थिनर, दिवसभर हेल्मेट आणि घरी जाताना मोटरसायलचे दुसरे हेल्मेट. पडद्यातून हवा जात नाही, घाम खालीच साचतो आणि गोंद सुटतो. अशा माणसाने फार पातळ पडदा घेऊ नये. हेल्मेटखाली सुती टोपी घालावी, म्हणजे पुढचे केस घासून तुटत नाहीत. बाहेर महिनाभर चालणारी चिकटवणी इथे उन्हाळ्यात दोन आठवड्यांतच पुन्हा करावी लागेल, हे धरूनच हिशेब करावा.

डोक्याला खोबरेल चोपडायची सवय असेल तर ती सोडावी. तेल गोंदाचा शत्रू आहे. या केसांना मुळातून तेल मिळत नाही, म्हणून सौम्य शाम्पू आणि नंतर कंडिशनर, पण ते केसांच्या टोकांना, पडद्याला नाही. उन्हाने रंग तांबूस होतो, त्यासाठी टोपी बरी.

वुजू, गुस्ल आणि आपला प्रश्न

हा विषय आपल्या वाचकांना टाळता येणार नाही. केसाला केस जोडण्याची मनाई सहीह हदीसमध्ये आली आहे. हनफी उलमा माणसाचे केस वापरण्यास परवानगी देत नाहीत. इतर केसांबाबत आणि दोष झाकण्याच्या गरजेबाबत चर्चा आहे. कोकणातल्या शाफई बांधवांचे मसले त्यांच्या उलमांनी सांगायचे आहेत. वुजूमध्ये मसह स्वतःच्या डोक्यावर व्हायला हवा, आणि गुस्लमध्ये पाणी कातडीपर्यंत पोहोचायला हवे. चिकटवलेला पडदा पाणी अडवतो. आम्ही मुफ्ती नाही. पैसे देण्याआधी आपल्या आलिमांना विचारावे, एवढेच आमचे म्हणणे. कारागिराच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ज्याला पॅच वारंवार काढायचा आहे, त्याला ०.०३ चा पडदा विकणे म्हणजे त्याला फसवणेच होय. त्याला जाड पडद्याचा पट्टीने बसणारा किंवा जाळीचा क्लिपवाला पॅच द्यावा. क्लिप मात्र रोज एकाच जागी लावू नये, तिथले उरलेले केस ओढून गळतात.

हिशेब महिन्याचा करा

किंमत एकदाची नसते. समजा, पॅच ९,००० रुपयांचा, तीन महिने चालला आणि महिन्याला दोनदा सर्व्हिसचे ५०० प्रमाणे १,००० रुपये. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. दुसरा पॅच ५,००० रुपयांचा, पण महिनाभरच टिकला, तर सर्व्हिससह महिन्याला ६,००० रुपये. स्वस्त कोणता ते वाचकांनीच ठरवावे. हा खर्च वर्षानुवर्षे चालणारा आहे. पगारातून झेपत नसेल तर बारीक केस कापून, दाढी राखून हिंडणारा माणूस कमी दिसत नाही. औषधे आणि केसरोपण हेही मार्ग आहेत. त्याबद्दल कातडीच्या डॉक्टरांशी बोलावे.

दुकानदार बांधवांना

या धंद्यात टिकायचे असेल तर बिलावर चार गोष्टी लिहा : पडद्याचा प्रकार आणि जाडी, केस माणसाचे की कृत्रिम, अंदाजे आयुष्य आणि पुढच्या सर्व्हिसचा दर. गिऱ्हाइकाला माल हातात देऊन उजेडात दाखवा. पॅच बसवायला आलेल्याला पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत बसवा, त्याची गोष्ट दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. मालातला ऐब सांगून विकणे ही आपल्या व्यापाराची जुनी शिकवण आहे, आणि या मालात ऐब म्हणजे त्याचे अल्प आयुष्य.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या तरुणाने नंतर दुसऱ्या कारागिराकडून ०.०८ चा पडदा बसवून घेतला. या कारागिराने पहिल्याच दिवशी सांगितले, "दोन-अडीच महिने जाईल. त्यापुढे गेला तर तुमचे नशीब." गिऱ्हाईक आजही त्याच्याकडेच जाते, आणि आपल्या पाळीतल्या आणखी दोघांना त्याने तिथेच पाठवले आहे. खरे बोलण्याने एक सौदा कदाचित जातो, पण बरकत राहते.