ख्रिस्ती प्रेम: भावनेपेक्षा कृती

साखळी, डिचोली, पेडणे हा भाग गोव्याच्या नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेला. इथे मंदिरं अधिक, चर्च कमी, त्यामुळे शेजारच्या ख्रिस्ती धर्मातलं ‘प्रेम’ म्हणजे नेमकं काय, हे अनेकांनी कधी विचारलेलंच नसतं. नाताळचा केक आणि तारा एवढ्यावर ते थांबतं.

ख्रिस्ती शिकवणीत प्रेम हा मनाचा उमाळा नाही. समोरचा आवडो वा न आवडो, त्याच्या भल्यासाठी स्वतः झळ सोसणं म्हणजे प्रेम. येशूच्या दृष्टांतात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला धर्मसेवक टाळून पुढे जातात. उचलतो तो तुच्छ मानलेला शोमरोनी.

गोव्यातलं याचं उत्तम उदाहरण म्हणजे बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ. डच सत्तेने कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते 1687 मध्ये वेश पालटून शिरले. तिथल्या कँडी शहरात पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. सुटकेनंतर, 1697 मध्ये त्याच शहरात देवीची साथ आली. ज्याला जमलं तो पळाला. वाझ मात्र रुग्णांजवळ थांबले. रोग्यांना खाऊपिऊ घातलं, मृतांना पुरलं. धर्म विचारला नाही.

याच श्रद्धेच्या नावाने गोव्यात इन्क्विझिशनही, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारं धर्मन्यायालयही चाललं, हे विसरू नये. दुसऱ्याच्या भल्यासाठी झळ सोसण्याच्या कसोटीवर ते प्रेम ठरत नाही.

वाझ 1711 मध्ये कँडीतच वारले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत त्यांना संतपद दिलं.