कॉलेज उस्मानपुऱ्यात, वर्ष वाळूजला

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून स्टेशन रोडने निघालं की उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन संस्था लागतात. अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासूनचं. मराठवाड्याच्या गावागावांतून आलेली मुलं इथे ड्रॉइंग शीटच्या नळ्या खांद्याला लावून वर्षानुवर्षं ये-जा करत आली आहेत. याच बाजूने पुढे रेल्वे स्टेशन, गोलवाडी आणि मग वाळूज एमआयडीसी. तिथे 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या अवतीभवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. एन्ड्युरन्स याच शहरात, त्याच काळात वाढली. पुढे शेंद्र्यात स्कोडा आली, आणि बिडकीनच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने 2024 मध्ये राज्य सरकारशी करार केला आहे.

कारखाने इतके जवळ. तरीही डिप्लोमा हातात पडलेल्या बऱ्याच मुलांनी चालू लाइन पाहिलेली असते ती फक्त इंडस्ट्रियल व्हिजिटच्या दिवशी, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून रांगेत चालताना.

ही उणीव अभ्यासक्रम आखणाऱ्यांना ठाऊक आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय स्कीम’मध्ये चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण होतं, ‘के स्कीम’मध्ये ते बारा आठवड्यांवर गेलं. बदल चांगलाच आहे. पण बारा आठवड्यांत मुलगा कंपनीचा गेट पास, सेफ्टी इंडक्शन आणि विभागांची नावं यांत रुळतो न रुळतो तोच परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ येते. एखादं मशीन बिघडलेलं, दुरुस्त झालेलं आणि त्याच कारणाने पुन्हा बिघडलेलं पाहायला जास्त काळ लागतो. म्हणूनच डिप्लोमा किंवा पदवीनंतरच्या वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला महत्त्व आहे.

तिची मुळं 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहेत. सुरुवातीला तो मुख्यतः आयटीआयच्या ट्रेडसाठी होता. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर आणि डिप्लोमाधारक त्यात आले. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन पदवीधराला महिना 9000 आणि डिप्लोमाधारकाला 8000 रुपये ठरवलं, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. 8000 रुपयांत बजाजनगर किंवा रांजणगावात कॉट बेसिसवर जागा, मेस आणि गाडीचं पेट्रोल बसवायचं, तर घरी पाठवायला काही उरत नाही. ज्या घरात हा मुलगा पहिला इंजिनिअर आहे, त्या घराला हे वर्ष फार महाग पडतं. त्यामुळे या वर्षात त्याच्या पदरात काय पडतं, हे कोणीतरी नीट विचारायला हवं.

काय पडू शकतं, याचं एक उदाहरण बघा. दुचाकीच्या ॲल्युमिनियम हाउसिंगला 50 मिलिमीटरचा बोअर आहे, त्यात बेअरिंग बसायचं आहे. ड्रॉइंगवर एच-7 लिहिलेलं असतं. म्हणजे बोअर 50.000 ते 50.025 मिलिमीटर एवढाच चालतो, मोकळीक फक्त 25 मायक्रॉनची. सीएनसीवरून जॉब उतरतो, नवा मुलगा लगेच बोअर गेज घालतो, काटा 50.015 दाखवतो. मुलगा जॉब ‘ओके’च्या ट्रेमध्ये ठेवतो. शेजारचा जुना सेटर तो उचलून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘गरम हाय अजून, थांब.’

ड्रॉइंगवरची मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची, हा जगभरचा संकेत आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं. मास्टर रिंग एसी खोलीत 20 अंशांवर ठेवलेली, गेज तिथेच शून्यावर आणलेलं, आणि जॉब 40 अंशांवर, असं असेल तर 50 मिलिमीटरचा बोअर जवळजवळ 23 मायक्रॉन मोठा लागतो. जवळपास सगळी मोकळीक एवढ्यातच संपली. 50.015 दिसलेला बोअर निवल्यावर 49.992 भरतो आणि बेअरिंग ठोकून बसवायची पाळी येते. एप्रिलच्या उन्हाळ्यात तर शॉप फ्लोअरच चाळिशीला टेकलेला असतो. रेषीय प्रसरणाचं सूत्र या मुलाने अकरावी-बारावीत किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला पाठ केलेलं असतं, दोन मार्कांना लिहिलेलंही असतं. ते सूत्र रिजेक्शनच्या लाल पेटीशी जोडून देणारा माणूस त्याला इथे भेटतो, आणि त्या माणसाकडे अनेकदा पदवी नसते.

असं शिकवणारं माणूस मिळालं की वर्ष सोन्याचं होतं. सकाळची शिफ्ट सुरू होताना पहिल्या जॉबची मंजुरी का घेतात, टूल किती नगांनंतर बदलायचं, ऑफसेट कोणी द्यायचा आणि कोणी हातही लावायचा नाही, लाइन थांबली तर आधी कोणाला सांगायचं, हे सगळं त्याला कळू लागतं. सहाव्या-सातव्या महिन्यात तो मीटिंगमध्ये रिजेक्शनचा तक्ता मांडू लागतो. घरी फोनवर बोलताना त्याच्या तोंडी ‘आमची लाइन’ असा शब्द येतो.

पण सगळीकडे असं होत नाही. कुठे शिकाऊ मुलाला वर्षभर एकाच पॅकिंग टेबलावर उभं करतात. कुठे एका विभागात हात बसला म्हणून हलवतच नाहीत, कारण तिथला कायम कामगार निवृत्त झालेला असतो आणि जागा भरलेली नसते. कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्याच्याशी लेखी करार करून तो नोंदवावा लागतो. परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मात्र कंपनीवर नाही. हे शेवटचं कलम बहुतेक मुलांना अकराव्या महिन्यात कळतं, आणि ते पहिल्याच दिवशी कळायला हवं.

जगात हा प्रयोग नवा नाही. 1906 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 27 विद्यार्थ्यांना घेऊन आलटून-पालटून वर्ग आणि कारखाना अशी पद्धत सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने 1973 पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवलं. दोन्ही ठिकाणी शिकवणाऱ्या संस्थेने कारखान्यातल्या दिवसांची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. बिट्सचे प्राध्यापक विद्यार्थ्यांबरोबर उद्योगात जातात आणि तिथल्या कामावर गुण देतात. इथे मात्र निकाल लागला की मुलगा कॉलेजच्या वहीतून जातो आणि वर्षभराच्या प्रशिक्षणावर देखरेख उरते मुंबईतल्या प्रशिक्षण मंडळाची. उस्मानपुऱ्यातून एखाद्या प्राध्यापकाने महिन्यातून एकदा वाळूजला जाऊन आपल्या जुन्या विद्यार्थ्याला ‘सध्या कुठल्या मशीनवर आहेस?’ एवढं विचारलं, तरी पॅकिंग टेबलावरची बरीच मुलं तिथून हलतील. अंतर फार नाही. त्यासाठी प्राध्यापकांच्या वेळापत्रकात तेवढे तास मोकळे ठेवावे लागतील, आणि हा निर्णय प्राचार्यांना नव्हे तर शासनाला घ्यावा लागेल.

तोवर मुलांनी आपल्या परीने सांभाळायच्या काही गोष्टी आहेत. करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदला गेला का, हे पहिल्याच महिन्यात पाहावं, कारण शेवटी प्रशिक्षण मंडळाकडून मिळणारं प्रमाणपत्र त्या नोंदीवरच अवलंबून असतं. कोणत्या विभागात किती महिने, हे विचारून लिहून घ्यावं. आणि रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहाव्यात: आज कुठला जॉब, कुठला बिघाड, कारण काय निघालं, कोणी सांगितलं. पुढच्या मुलाखतीत समोरचा इंजिनिअर टक्केवारीवरून पटकन पुढे सरकतो आणि विचारतो, तुमच्या लाइनवर सगळ्यात जास्त रिजेक्शन कशाचं होतं, आणि ते तुम्ही कसं कमी केलंत?