आवाजाची सेवा : '१०८'च्या दूरध्वनीमागची माणसे

आंबेगाव तालुक्यातील आहुपे असो वा जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातील एखादी वाडी, अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली की घरातील माणूस १०८ हा क्रमांक फिरवतो. आपला फोन मंचरच्या किंवा नारायणगावच्या दवाखान्यात वाजत असावा, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात राज्यभरातील हे फोन पुण्यात औंध येथे उभारलेल्या मध्यवर्ती नियंत्रण कक्षात येतात. घाबरलेल्या त्या माणसाला धीर देणारा पहिला आवाज डॉक्टरांचा नसतो, चालकाचाही नसतो. तो असतो फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा.

आणीबाणीसाठी एकच सोपा क्रमांक असावा, ही कल्पना १९३७ साली लंडनमध्ये ९९९ या क्रमांकाने प्रत्यक्षात आली. आपल्या देशात १०८ची सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ रोजी आली. आरंभी राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका ठेवण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत उपकरणांनी सज्ज होत्या, तर ७०४ मूलभूत उपचारांसाठी. प्रत्येक गाडीत डॉक्टर असणे हे महाराष्ट्रातील या योजनेचे वैशिष्ट्य होय. मात्र गाडी कितीही सुसज्ज असली तरी ती नेमकी कोठे पाठवायची, हे फोनवरच ठरते.

आणि खरी कसोटी तेथेच लागते. "वडगावहून बोलतोय, लवकर या," एवढेच सांगून कोणी फोन ठेवला, तर गाडी कोठे जावी? जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आहे, वडगाव कांदळी आहे. आंबेगावात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर आहे. वाड्यावस्त्यांवर घरांना क्रमांक नसतात, डोंगरात मोबाइलची रेंज मध्येच जाते. अशा वेळी कर्मचारी तालुका विचारतो, जवळचे देऊळ, शाळा, एसटीचा थांबा विचारतो, परत फोन करता येईल असा क्रमांक टिपून घेतो. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, रक्तस्राव होतो आहे का, हेही त्याच दमात जाणून घ्यावे लागते. समोरचा ओरडत असतो, रडत असतो, क्वचित शिव्याही देतो. त्याच्या स्वराला स्वर न भिडवता, मोजक्या आणि हिताच्या शब्दांत बोलत राहणे ही मोठी साधना आहे.

गाडी निघाली म्हणून हे काम संपत नाही. ती पोहोचेपर्यंतची मिनिटे घरच्यांच्या हाती असतात. जगभरातील अशा केंद्रांतून फोनवरच छातीवर दाब देण्याची रीत सांगितली जाते; मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि पलीकडून मोजणारा आवाज. जुन्नर-आंबेगावच्या शेतशिवारात सर्पदंशाचा धोका नित्याचाच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणताही साप चावला तरी जखम कापू नये, विष चोखू नये, आवळपट्टी घट्ट बांधू नये. रुग्णाला चालू न देता, दंश झालेला अवयव न हलवता, तत्काळ रुग्णालयात न्यावे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या विषयावर अनेक वर्षे उपचार आणि जनजागृती केली आहे. मांत्रिकाकडे निघालेले पाऊल दवाखान्याकडे वळवणारा एक शब्दही अशा वेळी औषधाइतकाच मोलाचा ठरतो.

वेळेवर पोहोचलेल्या वार्तेचे मोल आंबेगावाइतके कोणाला ठाऊक असणार? ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगरकडा कोसळून माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढीग दिसला आणि त्याने ती वार्ता बाहेर पोहोचवली. १०८ची सेवा तेव्हा अवघ्या सहा महिन्यांची होती. मदतीची सारी यंत्रणा कोणीतरी सांगण्यावर आणि कोणीतरी नीट ऐकण्यावर उभी असते, हे त्या सकाळने दाखवून दिले.

या नोकरीत कष्ट पुष्कळ आहेत. रात्रपाळ्या असतात, सणावारी घरी जाता येत नाही, खोडसाळ फोनांना तोंड द्यावे लागते. त्याहून जड जाते ते वेगळेच. ज्याच्यासाठी जीव तोडून बोललो, तो वाचला की नाही, हे बहुधा कळतच नाही. एक फोन संपताच दुसरा वाजतो. व्यापारी माणसाला दिवसअखेर हिशेब जुळल्याशिवाय चैन पडत नाही. येथे मात्र खाते उघडेच राहते आणि आभार मानायला कोणी परत येत नाही. तरीही माणसे या कामात टिकतात. भेदरलेला आवाज दोन मिनिटांत स्थिर होताना त्यांनी ऐकलेला असतो. कधी रुग्णालयाच्या वाटेवर गाडीतच बाळ जन्मल्याची वार्ता येते आणि सारा कक्ष क्षणभर हसतो. आपण नसतो तर ही हाक वाऱ्यावर गेली असती, ही जाणीव वेतनाच्या चिठ्ठीत मावणारी नसते.

या सेवेला हातभार लावणे बाजारपेठेतील कुटुंबांनाही अवघड नाही. दुकानाच्या गल्ल्याजवळ गावाचे पूर्ण नाव, तालुका आणि जवळची ठळक खूण लिहिलेली पाटी लावावी. रस्त्यावर अपघात झाला की लोक आधी दुकानातच धावत येतात. १०८ला फोन केल्यावर पलीकडून सांगेपर्यंत तो ठेवू नये, विचारलेल्या प्रश्नांवर चिडू नये आणि गाडीला वाट दाखवण्यासाठी एक माणूस फाट्यावर उभा करावा. स्पष्ट मराठी-हिंदी बोलणाऱ्या, संगणकाची सवय असलेल्या घरातील मुलामुलींनी हे काम करायचे म्हटले, तर त्यांना दुकानात हात कमी पडतील म्हणून अडवू नये.