लेखणीची सचोटी : इस्लामी परंपरेतील वाचन-लेखनाची नीती

वाचन ही खासगी आवड आणि लेखन ही व्यक्तिगत अभिव्यक्ती, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. इस्लामी विद्यापरंपरेने मात्र या दोन्ही कृतींकडे प्रामुख्याने जबाबदारी म्हणून पाहिले. लिहिलेला शब्द कोणाच्या तरी हक्काला, प्रतिष्ठेला किंवा श्रद्धेला स्पर्श करतो. म्हणूनच तो कसा लिहावा, कोणाकडून स्वीकारावा आणि पुढे कसा पोहोचवावा, याचे नियम या परंपरेत शतकानुशतके घडत गेले.

परंपरेनुसार इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळील हिरा गुहेत प्रेषित मुहंमद यांना पहिला ईश्वरी संदेश प्राप्त झाला. त्याचा आरंभ 'इक्रा' या शब्दाने होतो. वाचणे आणि पठण करणे, असे दोन्ही अर्थ त्यात सामावले आहेत. लेखणीच्या द्वारे दिल्या गेलेल्या ज्ञानाचा उल्लेखही त्याच संदेशात आहे. कुराणाच्या ६८ व्या अध्यायाचे नावच 'अल-कलम' असे आहे.

लेखनिकाचे कर्तव्य

कुराणातील सर्वांत दीर्घ आयत उपासनेविषयी नसून कर्जाच्या नोंदीविषयी आहे. दुसऱ्या अध्यायातील या २८२ व्या आयतीनुसार मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लेखनिकाने न्यायाने लिहावे आणि लिहिण्यास नकार देऊ नये. मजकूर सांगण्याचा अधिकार कर्ज घेणाऱ्याला दिलेला आहे. तो असमर्थ असल्यास त्याच्या पालकाने मजकूर सांगावा. लेखनिकाला आणि साक्षीदारांना उपद्रव होऊ नये, असेही बजावले आहे. ज्याच्यावर देण्याचा भार पडणार, त्याच्याच तोंडून मजकूर उतरावा, ही या व्यवस्थेतील महत्त्वाची बाब होय. लेखणी हाती असणाऱ्याने दुर्बळाची फसवणूक करू नये, हे त्यामागील सूत्र आहे.

कोणी सांगितले?

प्रेषितांची वचने व आचरण यांच्या नोंदींना हदीस म्हणतात. कुराणाशी सरमिसळ होईल, या भीतीने आरंभी काहींनी त्या लिहिण्यास विरोध केला. इतरांनी स्मरणाला आधार म्हणून लेखनाचे समर्थन केले. अल-खतीब अल-बगदादी (१००२-१०७१) यांनी दोन्ही बाजूंची मते एका स्वतंत्र ग्रंथात संकलित केली.

हदीस सांगताना ती कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून ऐकली, ही संपूर्ण साखळी देणे बंधनकारक ठरले. या साखळीला 'इस्नाद' म्हणतात. अल-बुखारी (८१०-८७०) यांच्यासारख्या संकलकांनी तिच्या आधारे असंख्य कथने पारखली. येथे एक नैतिक पेच उभा राहिला. पाठीमागे कोणाचे दोष सांगणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे. मग एखादा निवेदक विसराळू किंवा असत्यवादी असल्याचे ग्रंथात नोंदवावे काय? धर्माचे असत्यापासून रक्षण करण्यासाठी आवश्यक तेवढेच दोषकथन करावे, असा निर्णय विद्वानांनी दिला. गरजेपलीकडची निंदा मात्र त्यांनी अमान्य केली.

नकलेतील प्रामाणिकपणा

मुद्रणपूर्व काळात प्रत्येक ग्रंथ हातानेच उतरवला जाई. उतरवलेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय ती विश्वासार्ह मानली जात नसे. दोन हदिसींच्या मध्ये काढलेले वर्तुळ रिकामे ठेवावे आणि पडताळणी झाल्यावर त्यात बिंदू द्यावा, अशी सूचना अल-खतीब यांनी केली होती. चुकीचा शब्द खरवडून नाहीसा करण्यापेक्षा त्यावर रेघ मारणे श्रेयस्कर मानले गेले. त्यामुळे काय वगळले, हे वाचकाला दिसत राही आणि संशयाला जागा उरत नसे.

अकराव्या शतकात मक्केत अध्यापन करणाऱ्या विदुषी करीमा अल-मरवझिया या बुखारींच्या संग्रहाच्या अधिकारी निवेदक होत्या. विद्यार्थ्यांनी आपली प्रत त्यांच्या प्रतीशी ताडून घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे.

उसन्या ग्रंथाची मर्यादा

कैरो येथे काझीपद भूषविलेले इब्न जमाआ (१२४१-१३३३) यांनी विद्यार्थी व शिक्षक यांच्या शिष्टाचारावर ग्रंथ लिहिला. ग्रंथ उसना देणे त्यांनी स्तुत्य मानले. मात्र घेणाऱ्यावर बंधने घातली. गरजेपेक्षा अधिक काळ ग्रंथ ठेवू नये, मालकाने मागताच परत करावा, त्याच्या अनुमतीवाचून समासात लिहू नये आणि तो परस्पर तिसऱ्याला देऊ नये. ग्रंथाचा उशीसारखा किंवा पंख्यासारखा वापर करण्यासही त्यांनी मनाई केली.

ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, या भावनेतून 'वक्फ' म्हणजे धर्मादाय दान केलेली ग्रंथालये उभी राहिली. भारतात पाटण्याचे खुदा बख्श ग्रंथालय १८९१ मध्ये सुमारे ४,००० हस्तलिखितांसह जनतेसाठी खुले झाले. १९६९ मध्ये संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था घोषित केले.

आजचे प्रश्न

मुद्रणानंतर लेखकाच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न पुढे आला. ज्ञानावर मक्तेदारी असू नये, या भूमिकेतून भारतीय उपखंडातील काही उलेमांनी असा हक्क विकण्यास विरोध केला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मात्र १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखकांचे हक्क संरक्षित असून त्यांचे उल्लंघन करता येणार नाही, असा ठराव केला.

भ्रमणध्वनीवरून क्षणात पसरणाऱ्या संदेशांमुळे जुना प्रश्न नव्याने तीव्र झाला आहे. प्रेषितांच्या नावावर खपवली जाणारी बनावट वचने आणि एखाद्या समाजाविषयीच्या अफवा एकाच मार्गाने फिरतात. अविश्वसनीय व्यक्तीने आणलेल्या बातमीची शहानिशा करावी, अन्यथा अजाणता कोणाचे तरी नुकसान होऊन पश्चात्ताप करावा लागेल, असा इशारा कुराणाच्या ४९ व्या अध्यायात आहे. ऐकलेले सारेच पुढे सांगत सुटणे हेही असत्यकथनच होय, असे हदीस परंपरा सांगते. हाताने नकला करण्याचे युग सरले असले, तरी मजकूर पुढे पाठवणारा प्रत्येक जण आज त्या साखळीतील एक दुवा ठरतो आणि पडताळणीची जबाबदारीही त्याच्याकडे येते.