खानदेशातील मालीश : तालीम, न्हाणी आणि पंचकर्म

मालीश म्हणजे ठरावीक दिशेने आणि ठरावीक दाबाने हाताने अंगावर केलेले काम. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हे कसब तीन ठिकाणी मुरलेले आहे : कुस्तीची तालीम, बाळंतिणीची न्हाणी आणि वैद्याचे पंचकर्म.

१९६२ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा धुळ्याला झाली, १९६६ची जळगावला. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे या स्पर्धेची गदा जिंकली. अशा कुस्तीमागे मेहनत आणि खुराक असतो, तशी मालीशही असते. जोर संपले, घाम निवला की पठ्ठा थोराच्या अंगाला तेल लावतो. मांडीसाठी तळहाताचा मनगटाकडचा भाग, पाठीच्या कण्याशेजारी कोपर. भरदार मांडीवर कधी पायही. वस्ताद बाजूला उभा राहून बघतो. कुठे दाबायचे आणि कुठे हात उचलायचा, हे पठ्ठा पुस्तकाविना शिकतो. पैशांचा संबंध नसतो. आज ज्याने रगडले, त्याला उद्या दुसरा रगडतो.

बाळ-बाळंतिणीला चोळणाऱ्या बाईचे कसब याच्या अगदी उलट, हलक्या हाताचे. ती पाटावर पाय लांब करून बसते, नडग्यांवर बाळाला पालथे घेते आणि कोमट तेलाची बोटे मानेपासून टाचेपर्यंत उतरवते. पाण्याचा तांब्या ओतण्याआधी कोपर बुडवून ऊन तपासते. सव्वा महिना रोज येणाऱ्या या बाईला ठरलेले पैसे आणि शेवटी साडीचोळी मिळते. हा धंदा सासूकडून सुनेकडे तोंडीच गेला, म्हणून त्याची फारशी नोंद नाही. खरे तर खानदेशातले सर्वांत सराईत मालीशतज्ज्ञ याच बाया आहेत. त्यांच्या रीतीत दोन दुरुस्त्या मात्र हव्यात. बाळाच्या नाकाकानात तेल घालू नये. आणि पोट फाडून बाळंतपण झाले असेल, तर टाका भरून डॉक्टरांनी सांगेपर्यंत पोटाला हात लावू नये.

आयुर्वेदात तेल लावण्याला अभ्यंग म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तो दिनचर्येचा भाग आहे. डोके, कान आणि तळपायांवर विशेष भर आहे. कफ वाढलेल्याला, नुकतेच शोधन झालेल्याला आणि अजीर्ण असलेल्याला तो वर्ज्य सांगितला आहे. पंचकर्मात लाकडी द्रोणीच्या दोन्ही बाजूंना दोन परिचारक उभे राहतात आणि दोघांचे हात एकाच लयीत फिरतात. तेल थेट आचेवर न तापवता गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करतात. हात लवेच्या दिशेने चालतो, सांध्यावर गोल फिरतो. चूर्ण चोळण्याच्या उद्वर्तनात मात्र तो लवेविरुद्ध जातो. युरोपीय पद्धतीत हात हृदयाच्या दिशेने सरकतो, कारण शिरांतले रक्त तिकडेच जायचे असते. या पद्धतीतल्या हातांची वर्गवारी १९व्या शतकात डच वैद्य योहान मेत्झगर यांच्यामुळे रूढ झाली : लांब सरकवणे, मळणे, घासणे, थोपटणे. या हातांची फ्रेंच नावे बाजूला ठेवली, तर तालमीत आणि न्हाणीत हे सगळे आधीपासून होतेच.

व्यावसायिकाची खरी परीक्षा मालीश नाकारण्यात असते. ताप, अस्थिभंग, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग असेल, तर हात लावायचा नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. पोटरी चोळल्याने ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी माणसाला आधी डॉक्टरकडे पाठवावे लागते.

रोजगाराच्या वाटा तालमीबाहेर आहेत. दोन्ही जिल्ह्यांत आयुर्वेद महाविद्यालये आणि त्यांची रुग्णालये आहेत. तिथे पंचकर्म साहाय्यक वैद्याच्या देखरेखीखाली काम करतात, पुरुषांना पुरुष आणि स्त्रियांना स्त्रिया. फिजिओथेरपी केंद्रे, खेळाडूंचे संघ, हॉटेलांतले स्पा आणि घरपोच सेवा या पुढच्या जागा. शिक्षणासाठी पुण्याची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. ती १९८६पासून ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात, म्हणजे निसर्गोपचारतज्ज्ञ दिनशा मेहतांच्या जुन्या केंद्रात चालते. तिथे उपचार साहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ साली उभा राहिलेला पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम हेही मालीशतज्ज्ञांच्या कामाचे ठिकाण. वैद्य होण्यासाठी लागणारी आयुर्वेदाची पदवी मात्र साडेपाच वर्षांची असते. ती नसलेला मालीशतज्ज्ञ हा डॉक्टर नव्हे, त्याने निदान करू नये की औषध सांगू नये.

घरपोच काम करणाऱ्या बायांना संशयी नजरांचा आणि असुरक्षिततेचा त्रास सोसावा लागतो. शिकल्याचे प्रमाणपत्र, डॉक्टरची चिठ्ठी, ठरलेली वेळ आणि घरात तिसरे माणूस, एवढ्याने बराच फरक पडतो.

या धंद्यात लवकर झिजतो तो अंगठ्याच्या बुडाचा सांधा. म्हणून जाणता मालीशवाला अंगठ्याऐवजी तळहात आणि कोपरापुढचा हात वापरतो, टेबल मांडीच्या उंचीवर ठेवतो आणि मनगटाने न दाबता पाय मागे रोवून अंगाचा भार पुढे सोडतो.